बाळ झोपलेलं असताना मावशींचे पैसे का द्यायचे? ताशी दराचा हिशोब

पुण्यातल्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही दोघंही नोकरी करतो. माझी सव्वीस आठवड्यांची रजा संपत आली आहे, बाळ आता सहा महिन्यांचं होईल. त्याला सांभाळायला एक मावशी मिळाल्या आहेत. सोमवार ते शनिवार, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा. आम्ही १४,००० म्हणालो, त्या २०,००० वर अडून बसल्या आहेत. बाळ दिवसात तीन तास तरी झोपतं. मग महिन्याच्या पगाराऐवजी ताशी दर ठरवला तर जास्त न्याय्य होईल का? आणि तो किती असावा?"

मी आधी बरीच वर्षं पाळणाघर चालवलं आणि नंतर घरकामगार बायकांच्या संघटनेत काम केलं. अशा पगाराच्या बोलण्यांना मी दोन्ही बाजूंनी बसले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताशी दर काढा, जरूर काढा. पण तो मोजण्यासाठी. पगार मात्र महिन्याचा ठरलेलाच द्या. "आल्या तेवढे तास, तेवढे पैसे" असं केलंत तर तुम्ही चार दिवस सासरी गेलात की त्यांचे चार दिवस बुडाले, तुमच्या आई आठवडाभर राहायला आल्या की आठवडा बुडाला. त्यांचं घरभाडं आणि मुलांची फी तर महिन्याच्या महिन्याला द्यावीच लागते.

आता आकडे मांडू. दिवसाचे नऊ तास, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे २३४ तास. तुमचे १४,००० म्हणजे तासाला साठ रुपये, त्यांचे २०,००० म्हणजे तासाला साधारण ८५. सहा हजारांचा फरक ऐकायला मोठा वाटतो, पण वाद खरं तर तासाला पंचवीस रुपयांचा आहे.

पंच्याऐंशी जास्त आहेत का, हे ठरवायला मी नेहमी एक गोष्ट विचारायला सांगते: मावशी आत्ता काय करतात आणि त्यातून त्यांना काय सुटतं? समजा त्या चार घरी धुणं-भांडी आणि केर-फरशी करतात आणि प्रत्येक घराचे २,५०० मिळतात. सकाळी आठला सुरुवात, दुपारी एकला मोकळ्या. पाच तासांत चार घरं, महिन्याचे १३० तास, १०,००० रुपये. म्हणजे तासाला सत्त्याहत्तर. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या मावशींचे त्यांनाच विचारा, त्या सांगतील. पण हिशोबाची चाल पाहा. आज त्यांना तासाला सत्त्याहत्तर मिळत असतील आणि तुम्ही साठ देत असाल, तर त्यांनी चार घरं सोडून तुमच्याकडे का यावं? शिवाय आज दुपारी एकनंतर त्या आपल्या घरी असतात, शाळेतून आलेल्या मुलाला जेवायला वाढतात. तुमच्याकडे आल्या की संध्याकाळी साडेसातला घरी पोचणार. आणि चारातलं एक घर सुटलं तर तीन राहतात, तुमचं एकच घर सुटलं की चूल बंद. "परवडत नाही" असं त्या म्हणतात तेव्हा मनात हाच हिशोब असतो. फक्त तो असा कागदावर मांडून सांगायची त्यांना सवय नसते, आणि आपण ऐकून घ्यायला थांबत नाही.

दुसरं मोजमाप सरकारी आहे. केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या झाडलोट, साफसफाई, हमाली, बांधकाम अशा कामांत अकुशल कामगाराला 'अ' वर्गाच्या शहरात १ ऑक्टोबर २०२४ पासून दिवसाला ७८३ रुपये किमान वेतन ठरलं. पुणे 'अ' वर्गात येतं. आठ तासांचे ७८३ म्हणजे तासाला अठ्ठ्याण्णव, सव्वीस दिवसांचे २०,३५८. हा दर तुमच्या घराला लागू नाही, त्यावरून कोणी तुमच्या दारात येणार नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण त्यात नोंदणी आणि कल्याणाच्या योजना आहेत, पगाराचा दर ठरवून दिलेला नाही. कर्नाटकाने २००४ मध्येच घरकामाला किमान वेतनाखाली आणलं. तरीही ७८३ चा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. ज्याला सरकार 'अकुशल' म्हणतं, त्या झाडलोटीचा तो २०२४ चा दर आहे. तुमचं काम आहे सहा महिन्यांचं बाळ सांभाळायचं. घास अडकला तर काय करायचं, ताप चढतोय हे अंगाला हात लावून कसं ओळखायचं, रडणं भुकेचं की पोटदुखीचं, हे ज्या बाईला कळतं तिला अकुशल म्हणायला माझी जीभ धजत नाही. त्या तर अठ्ठ्याण्णवही मागत नाहीयेत.

आता झोपेचं. हा मुद्दा दर तीन घरांमागे एका घरात निघतो, आणि माणसं चांगली असूनही निघतो. बाळ झोपलं, मावशी बसल्या, मग पैसे कसले?

मावशी त्या तीन तासांत बँकेत जाऊन येऊ शकतात का? घरी जाऊन आमटी टाकून येऊ शकतात? आतून कडी लावून शांत झोपू शकतात? नाही ना? मग ती वेळ त्यांची नाही, तुमची आहे. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ चा आहे. त्याच्या दहाव्या कलमात हेच म्हटलं आहे: ज्या वेळेत कामगाराला आपल्या मनाप्रमाणे वागता येत नाही, हाक आली की उठावं लागतं, ती वेळही कामाचीच धरायची, किती धरायची ते देशोदेशीच्या कायद्यांवर सोडलं आहे. भारताने त्या कराराला अजून मान्यता दिलेली नाही, पण न्याय काय आहे हे समजायला मान्यतेची गरज नाही.

आणि खरंच बसतात का त्या? आमच्या पाळणाघरातली दुपार मला अजून दिसते. मुलं निजली की आमच्या ताई पहिल्यांदा बाटल्या घ्यायच्या. बूच वेगळं, निपल वेगळं, ब्रश आत घालून तळापर्यंत, मग उकळत्या पाण्यात. तोवर दुपट्यांच्या घड्या. मग डबा उघडायच्या, पण झोळीकडे पाठ करून कधी बसल्या नाहीत. घास तोंडात आणि एक पाय झोळीच्या दोरीत. एखादं मूल नुसतं कुरकुरलं तरी अंगठ्याने दोरीला हलका झोका मिळायचा आणि मूल पुन्हा गाढ. आयांना वाटायचं, मूल आपोआप दोन तास झोपतं. ते आपोआप नव्हतं.

तेव्हा झोपेचे तास कापू नका. नऊ तास म्हणजे नऊ तास. त्यातला अर्धा-पाऊण तास त्यांच्या जेवणाचा आणि पाठ टेकण्याचा आहे हे स्वतःहून सांगा, नाहीतर नव्या घरात बाई दिवसभर उभीच राहते.

कज्जे मात्र दरावरून फार होत नाहीत. होतात ते न मोजलेल्या वेळेवरून. साडेसहा ठरलेले असतात, तुम्ही पावणेसातला पोचता. कधी हिंजवडीहून निघताना मीटिंग लांबते, कधी पावसात चांदणी चौकात अडकता, सव्वासात होतात. तुम्ही धावत येता, सॉरी म्हणता, तुमच्या मनातून ते तिथेच संपतं. त्यांची बस मात्र चुकलेली असते.

वारज्याच्या एका मावशी आमच्याकडे तक्रार घेऊन आल्या होत्या. लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं. पिशवीतून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं महिन्याचं पान काढून टेबलावर पसरलं. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या. कुठे एक, कुठे दोन, एका शुक्रवारी पाच. दर पाव तासाला एक रेघ. मी मोजल्या, एकतीस भरल्या. म्हणजे सात तास पंचेचाळीस मिनिटं, एका महिन्यात. मालकीणबाईंना बोलावलं, त्यांनी पान पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. त्या वाईट नव्हत्या हो. त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं, "कधीतरी दहा-पंधरा मिनिटं होतात." ऐंशीच्या दराने ते ६२० रुपये झाले. त्यांनी त्याच दिवशी दिले, आणि मागच्या महिन्यांचेही विचारले. पण मावशींनी तोवर दुसरं घर पाहिलं होतं. रडत होतं ते बाळ, त्याला काय कळणार रेघांचं.

म्हणून ताशी दर हवा तो इथे. महिन्याचा पगार ठरलेल्या तासांचा. त्यावरच्या प्रत्येक अर्ध्या तासाचा वेगळा हिशोब, दर महिन्याला, न मागता. पहिल्या दहा मिनिटांचं माणुसकीने सोडून देता येतं, तेही दोन्ही बाजूंनी: त्यांना सकाळी दहा मिनिटं उशीर झाला तर तुम्हीही घड्याळाकडे बघायचं नाही. जादा तासाला मी दीडपट सांगते. दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात जादा कामाला दुप्पट आहे, घरकाम त्यात येत नाही, पण निदान दीडपटीला कुरकुर करू नये. रविवारी लग्नाला जायचं म्हणून संध्याकाळी सहा ते अकरा बोलावलंत तर पाच तास दीडपटीने, शिवाय रात्रीची रिक्षा तुमची, आणि रिक्षात बसवून द्यायला घरातलं कोणीतरी खाली उतरायचं.

ज्यांना दिवसभर नको, फक्त दुपारचे तीन तास हवेत, त्यांनी मात्र हाच ८५ चा दर लावू नये. काम जितकं तुटक, तितका तासाचा दर चढा असायला हवा. तीन तासांसाठीही येण्याजाण्याचा तास तोच, बसचं भाडं तेच, आणि मधोमध कापलेल्या दुपारी दुसरं काम धरता येत नाही. तिथे दीडपटीच्या खाली मी बोलणीच करू देत नाही.

कामाची हद्दही आधीच आखून घ्या. बाळाचं काम म्हणजे बाळाचं खाणं, अंघोळ, कपडे, बाटल्या, त्याची खोली, त्याला फिरवणं. तुमची भाजी निवडणं, पाहुण्यांचा चहा, दळण आणणं हे त्यात नाही. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याशी हे तुम्ही बोला, मावशींवर सोडू नका. आजी प्रेमानेच म्हणतात, "बसलीच आहेस तर जरा मेथी निवड." आज मेथी, आठवड्याने कणीक, महिन्याने पोळ्या. मग एक दिवस बाळ पलंगावरून पडतं आणि त्या वेळी मावशी तव्यापुढे असतात. बोल कोणाला लागतो ते तुम्हाला माहीत आहे. पोळ्या हव्याच असतील तर पोळ्यांच्या बाईंचा दर वेगळा आहे, तो वेगळा द्या, आणि पोळ्या होईपर्यंत बाळ कोणाच्या कडेवर असेल ते ठरवा.

आता तुमचा खरा पेच. १४,००० हून वर जाणं तुम्हाला जड असेल, मी समजू शकते. घराचा हप्ता आहे, नुकताच दवाखान्याचा खर्च झाला आहे. अशा वेळी दर पाडू नका, तास कमी करा. तुम्हा दोघांपैकी एकाला तरी शनिवारी सुट्टी असेल ना? मग सोमवार ते शुक्रवारच बोलवा. बावीस दिवसांचे नऊ-नऊ तास म्हणजे १९८ तास, ८५ ने १६,८३०. सतरा हजारांत तुमचं काम होईल, त्यांना शनिवार-रविवार मिळेल आणि त्यांचा तासाचा भाव एका रुपयानेही उतरणार नाही. बाबांनी आठवड्यातले दोन दिवस लवकर घरी येऊन पाच वाजता बाळ हातात घेतलं तर आणखी बारा-तेरा तास कमी होतील. दरात घासाघीस केली की बाई नाइलाजाने हो म्हणते आणि दोन महिन्यांत बरं घर मिळालं की जाते. सहा महिन्यांच्या बाळाला माणूस बदलणं किती महागात पडतं ते आईलाच माहीत.

सुट्टीचा मुद्दा पगाराइतकाच मोठा आहे. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता, त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढीइतकीच आजारपणाची, हक्काची सुट्टी ही त्यांची मागणी होती. आज इतक्या वर्षांनी आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत खाडे कापल्याचीच तक्रार पहिली असते. तेव्हा साप्ताहिक सुट्टीशिवाय महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या, मोठ्या सणांच्या वेगळ्या. तुम्ही गावाला जाल ते दिवस कापायचे नाहीत, सुट्टी त्यांनी मागितलेली नाही. दिवाळीला वर्ष भरलेलं असेल तर एक पगार, नसेल तर जितके महिने झाले त्या मानाने. उचल मागितली आणि देणं शक्य असेल तर द्या, पण फेड महिन्याच्या पगाराच्या चौथाईपेक्षा जास्त कापू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा उचल लागते.

मावशी एखाद्या ब्युरोकडून आल्या असतील तर त्यांच्या हातात नक्की किती पडतात हे त्यांना एकटीला विचारा. एका घरातून दर महिन्याला १८,००० जात होते आणि बाईंना १३,००० मिळत होते, हे मी पाहिलेलं आहे. घरच्यांना वर्षभर पत्ता नव्हता. पैसे त्यांच्याच हातात किंवा त्यांच्याच खात्यात. नवऱ्याचा नंबर दिला तर एकदा हळूच विचारा, तुमचं स्वतःचं खातं आहे का.

इतकं महाग पडतंय म्हणून कोणीतरी तुम्हाला सुचवेल, "गावाकडची बारा-तेरा वर्षांची मुलगी आणा, बाळ खेळवेल, खाऊन-पिऊन राहील." चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. आणि कायदा नसता तरी, एका लेकरासाठी दुसऱ्या लेकराचं बालपण घ्यायचं नाही.

बोलणी कशी करायची तेही सांगते, कारण तिथेच पुष्कळ बिघडतं. दारात उभ्याने नको, फोनवर नको. रविवारी सकाळी बोलवा, दोघंही घरी असा. त्यांना खुर्चीवर बसवा, तुम्ही ज्या कपातून चहा पिता त्याच कपातून त्यांना द्या. घरात 'बाईंचा कप' वेगळा ठेवलेला असेल तर तो आजच काढून टाका. ज्या हातांनी तुमच्या बाळाला भरवायचं आहे त्या हातांना वेगळा कप देऊन पगाराचं काय बोलणार? मग आधी तुम्ही आकडा सांगू नका. विचारा: आत्ता किती घरं करता, किती मिळतात, घरी कोण असतं, किती वाजता निघावं लागतं, यायला किती भाडं पडतं. ऐकून झालं की तासांचा हिशोब त्यांच्यासमोर कागदावर मांडा आणि सरळ म्हणा, "मावशी, सहा दिवसांचे वीस आम्हाला झेपत नाहीत, पण तुमचा तासाचा दर आम्हाला मान्य आहे. शनिवार सोडला तर सतरा होतात. तुम्हाला कसं वाटतं?" त्या विचार करून सांगते म्हणाल्या तर दोन दिवस द्या. घरी जाऊन त्यांनाही कोणाशी बोलायचं असतं.

जमलं की एका दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर सगळं मराठीत उतरवा: वेळ, दिवस, पगार, पगाराची तारीख, जादा तासाचा दर, सुट्ट्या, बाळाची कामं, आणि कोणालाही थांबायचं असेल तर महिनाभर आधी सांगायचं. पगारवाढ कधी तेही लिहा, महिना घालून. बाळ रांगायला आणि मग पळायला लागलं की झोप कमी होते, काम वाढतं. "आता मोठं झालंय, काम हलकं झालं" असं ऑफिसात बसून वाटतं, घरी राहिलं की कळतं. खाली दोघांच्या सह्या, त्यांना सही येत नसेल तर वाचून दाखवा आणि अंगठा घ्या. मोबाईलवर त्या पानाचा फोटो दोघींकडे असू दे. पुढच्या पानांपासून रोज यायची आणि जायची वेळ. वही स्वयंपाकघरात, दोघींच्या हाताशी.

कामावर रुजू व्हायच्या आधीचे आठ दिवस तुम्ही घरी असतानाच मावशींना बोलवा, बाळाला त्यांच्या अंगाचा वास ओळखीचा होऊ दे. त्या आठ दिवसांचेही पैसे त्याच दराने. तुमची रजा संपायला तीनेक आठवडे उरले असतील तर बोलणी याच रविवारी करा. त्या चार घरांना त्यांनाही आधी सांगावं लागेल, आणि चालू महिन्याचा पगार हातात पडल्याशिवाय त्यांना ती घरं सोडता येणार नाहीत.